वर्षावनात फ्रूट डव्ह शोधायचा कसा: झाड निवडण्यापासून नोंद करण्यापर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या वर्षावनात फिरून आलेल्यांच्या पक्षीयाद्या चाळल्या तर एकच शब्द पुन्हा पुन्हा भेटतो: ‘ऐकला’. वॉम्पू फ्रूट डव्ह ऐकला, रोज-क्राउन्ड ऐकला, सुपर्ब तर ऐकलाही नाही. ही सगळी फ्रूट डव्हची, म्हणजे फळांवर जगणाऱ्या रंगीत रानकबुतरांची नावं. ज्यांनी पाहिला त्यांनीही बहुतेकदा पानांतून फडफडत निघून जाणारी पाठच पाहिलेली असते. जांभळी छाती, पिवळंधमक पोट, गुलाबी टोपी अशा रंगांचा पक्षी डोक्यावर बसलेला असतो आणि तरीही दिसत नाही.

यात नजरेचा दोष फारसा नसतो. क्रम चुकलेला असतो. लोक आवाज ऐकतात, आवाजाच्या दिशेने चालू लागतात आणि मान वर करून पक्षी शोधू लागतात. योग्य क्रम याच्या बरोबर उलट आहे. आधी जमिनीवरचं फळ, मग झाड, मग बसायची जागा, मग वाट पाहणं आणि शेवटी पक्षी. आपल्याकडच्या हरियलच्या सवयीमुळे हा गोंधळ आणखी वाढतो. हरियल थव्याने असतात आणि सकाळच्या उन्हाला निष्पर्ण शेंड्यावर येऊन बसतात, त्यामुळे शेंडे पाहत चालायची सवय लागते. फ्रूट डव्ह बहुधा एकटे किंवा जोडीने असतात आणि गर्द पानांच्या आत बसतात. शेंडे पाहून ते सापडत नाहीत.

हा लेख मुख्यतः उत्तर क्वीन्सलंडच्या पट्ट्यासाठी आहे: डेनट्री, मॉसमन गॉर्ज आणि अथर्टन टेबललँड. तिथे तीन जाती मिळतात: वॉम्पू, सुपर्ब आणि रोज-क्राउन्ड. ऑस्ट्रेलियातली चौथी जात उत्तरेकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या खडकांत राहते, तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. मलेशियातला जांबू किंवा बाली-सुलावेसीतला ब्लॅक-नेप्ड शोधायचा असेल तरी पद्धत हीच. फक्त ओळखीच्या खुणा बदलतात.

## निघण्याआधीची तयारी

झाडांची ओळख आधी करा. पक्ष्यांचं पुस्तक सगळे वाचून जातात, झाडांचं कुणी उघडत नाही. चार गट डोक्यात ठेवले तरी पुरे. पहिला गट अंजीरवर्गाचा, म्हणजे वड-पिंपळाचं गोत. दुसरा जांभळाच्या गोतातली झाडं, ज्यांना तिथे लिली पिली म्हणतात. तिसरा दालचिनीच्या कुळातली झाडं. चौथा ब्लू क्वांडाँग, जो आपल्या रुद्राक्षाच्याच प्रजातीतला आहे. त्याची निळी गोल फळं जमिनीवर पडली की दुरूनही ओळखू येतात. याशिवाय ताडवर्गातली काही झाडं आहेत. अगदी दक्षिणेला, ब्रिस्बेनच्या खाली गेलात तर बाहेरून येऊन पसरलेलं कापराचं झाडही हे पक्षी सोडत नाहीत.

यात सगळ्यात भरवशाचा गट अंजिरांचा. इतर झाडांचा हंगाम ठरलेला असतो आणि तो संपला की झाड ओस पडतं. अंजिराचं प्रत्येक झाड आपापल्या वेळी फळतं, त्यामुळे वर्षात कधीही गेलात तरी जंगलात कुठलं तरी अंजीर पिकलेलं असण्याची शक्यता असते. उत्तर ऑस्ट्रेलियात नदीकाठी चक्क आपला उंबरही रानात वाढतो. तो पाहून आनंद होईल, पण तळ तिथे ठोकू नका. उंबराचं फळ खोडाला लगडतं आणि लहान फ्रूट डव्हच्या गिळण्याच्या मापाचं नसतं. हे पक्षी फळ कुरतडत नाहीत, तोडून अख्खं गिळतात. म्हणून लहान फळांची आणि फळं डहाळीच्या टोकांना धरणारी अंजिरं निवडायची.

आवाज पाठ करा, पण मोबाइलवर वाजवू नका. तीन जातींचे तीन आवाज आठवडाभर कानांवरून जाऊ द्या. जंगलात गेल्यावर मात्र रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलावण्याचा मोह टाळा. घरट्यावरच्या पक्ष्याला त्याचा त्रास होतो आणि शेजारी बसलेल्या माणसाची सकाळ वाया जाते. शिवाय अख्ख्या दिवसाचा हिशोब फळांवर चालणाऱ्या पक्ष्यासाठी ही युक्ती मुळात कच्ची आहे.

दुर्बीण ८×४२. दहापटीची नेऊ नका असं म्हणणार नाही, पण पानांच्या गर्दीत दृष्टिक्षेप रुंद हवा आणि पहाटेच्या अंधारात प्रकाश जास्त हवा. दोन्ही बाबतींत आठपट सरस ठरते. हातही कमी थरथरतो, आणि इथे दुर्बीण बराच वेळ वर धरून ठेवायची असते.

कपडे. लांब पँट, लांब बाह्या, पायमोजे पँटवर चढवलेले. जळवा असतातच, पण खरी काळजी गोचिडांची. किनारपट्टीच्या या भागात पक्षाघात आणणारी गोचीड आढळते. परत आल्यावर काखा, कानामागची जागा आणि केसांची मुळं तपासा. बसायला पातळ घडीची चटई घ्या. तासभर ओल्या जमिनीवर बसणं हा कामाचाच भाग आहे.

> सावधान: पाणी. डेनट्रीच्या परिसरात खाडी, ओढा, नदी, अगदी समुद्रकिनाराही खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा असू शकतो. फळलेलं झाड पाण्यावर झुकलेलं असेल तर ते सोडून द्या. पाण्याच्या कडेपासून किमान ५ मीटर दूर राहा. ‘मगर दिसत नाही’ याचा अर्थ मगर नाही असा होत नाही.

> सावधान: पानं. ट्रेलच्या कडेला, जिथे ऊन पडतं अशा मोकळ्या जागी, हृदयाच्या आकाराच्या मोठ्या, लव असलेल्या पानांचं स्टिंगिंग ट्री उगवतं. त्याची लव टोचली तर वेदना दीर्घकाळ पुन्हा पुन्हा उसळत राहते. वाळलेलं पानही टोचतं. आधाराला झुडूप धरायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. लव टोचलीच तर चोळू नका. केस काढायची मेणाची पट्टी लावून ओढून काढा.

## टप्पा १: आदल्या दुपारी झाड पक्कं करा

पहाटे जंगलात शिरून झाड शोधणं ही पहिली मोठी चूक. त्यात सकाळचा सर्वांत कामाचा तास जातो. आदल्या दुपारी, पक्षी शांत असतात तेव्हा, फक्त झाडं बघायला जा. मान खाली ठेवा आणि वाटेवर काय पडलंय ते पाहत चला.

वाटेवर फळं दिसली की थांबा आणि त्यांची नीट तपासणी करा. सगळं यश या पाच मिनिटांवर अवलंबून असतं.

*पडलेली फळं ताजी आहेत का?* एक उचलून दाबा. घट्ट, चकचकीत आणि देठाकडे ओलसर असेल तर आजचं आहे. मऊ, काळपट आणि मुंग्या लागलेलं असेल तर झाडाचा बहर सरत आलाय.

*कच्ची आणि पिकलेली दोन्ही पडली आहेत का?* फक्त कच्ची असतील तर ती वाऱ्याने पडली आहेत आणि झाडाला अजून वेळ आहे. दोन्ही मिसळून असतील तर उत्तम, म्हणजे वर पिकण्याची प्रक्रिया चालू आहे आणि पुढचे काही दिवस पक्षी येत राहतील.

*फळांचे तुकडे आहेत की अख्खी फळं?* हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. कुरतडलेले तुकडे आणि फोडलेल्या बिया असतील तर वर पोपट आले होते. चघळून थुंकलेला कोरडा चोथा सापडला तर रात्री वटवाघळं येऊन गेली. अख्खी फळं पडलेली आणि त्यांच्याबरोबर अख्ख्या बियांची शीट असेल तर वर फळ गिळणारे पक्षी आहेत. हरियल आणि त्याच्या प्रजातीतले पक्षी बी पोटात भरडतात. फ्रूट डव्हची पेषणी, म्हणजे अन्न भरडणारी पोटातली पिशवी, मात्र पातळ आणि आतडं आखूड असतं, त्यामुळे गर पचतो आणि बी शाबूत बाहेर पडतं. खालच्या पानांवर ती शीट नीट दिसते. फिगबर्डसारखे इतर फळखाऊ पक्षीही बी शाबूत टाकतात, म्हणून एवढ्यावर जात ठरवू नका. झाड ‘चालू’ आहे एवढंच यावरून कळतं, आणि आज तेवढंच कळायला हवं.

आता वर पाहा. फळं कुठे आहेत? शेंड्याच्या आत, पानांच्या मध्यावर, की कडेच्या डहाळ्यांना? उद्या नजर तिथेच न्यायची आहे. मोबाइलवर झाडाचा एक फोटो काढा आणि फळांच्या जागा लक्षात ठेवा.

तपासणी: एकाऐवजी दोन झाडं पक्की करून ठेवा, शक्यतो एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. रात्रीच्या वादळी पावसात एका झाडाची सगळी फळं गळू शकतात.

> सावधान: कॅसोवरी, म्हणजे इथला न उडणारा मोठा पक्षी. पडलेली फळं ही त्याची थाळी आहे. ब्लू क्वांडाँगखाली हमखास भेट होऊ शकते. समोर आला तर पळू नका. पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका आणि मध्ये झाड किंवा पाठीवरची सॅक ठेवा. पिल्लांबरोबरचा नर असेल तर ती जागा त्या दिवसापुरती सोडूनच द्या. त्याला काहीही खायला घालणं बेकायदा आहे, आणि माणसाच्या हातचं खायला चटावलेला कॅसोवरी रस्त्यावर येऊन गाडीखाली मरतो.

## टप्पा २: बसायची जागा ठरवा

झाडाच्या थेट खाली बसणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. खालून दिसतो तो पोटाचा सावलीतला काळा ठिपका, मागे पांढरं आकाश, आणि मान अवघडते ती वेगळीच.

झाडापासून २० ते ३० मीटर मागे या. सकाळचा सूर्य तुमच्या पाठीमागे असला पाहिजे, म्हणजे तुम्ही झाडाच्या पूर्वेला असायला हवं. दुपारी गेला होतात तेव्हा प्रकाश उलट बाजूचा होता हे विसरू नका. मोबाइलचं होकायंत्र काढून पूर्व नक्की करा. डोंगरउतारावरचं झाड असेल तर वरच्या अंगाने बसा. शेंडा जवळपास डोळ्याच्या पातळीला येतो. रस्त्याची कड, लाकडी पायवाटेचा उंच भाग, व्ह्यूपॉइंटचा कठडा यांचा फायदा घ्या. जंगलाच्या आतलं भव्य झाड आणि वाहनतळाच्या कडेचं साधं झाड, दोन्ही सारखीच फळलेली असतील, तर मी वाहनतळाचं निवडेन. तिथे प्रकाश असतो, मोकळं आकाश असतं आणि पक्ष्याला येता-जाता पाहता येतं.

जागेसाठी पायवाट सोडून आत शिरू नका. वेताच्या काटेरी वेली कपड्यांत अडकतात, स्टिंगिंग ट्री असतं आणि तुमच्या पायांखाली पुढच्या पिढीची रोपं तुडवली जातात. वाटेवरून दिसत नसलेलं झाड सोडून दुसरं घ्या.

## टप्पा ३: अंधारात पोहोचा, बसा आणि हलू नका

उजाडण्याआधी अर्धा तास जागेवर हजर राहा. पक्षी येण्याआधी तुम्ही तिथे असाल तर तुम्ही त्यांच्या दृष्टीने जंगलाचा भाग असता. ते आल्यावर तुम्ही पोहोचलात तर ते गोठतात. आणि गोठलेला हिरवा पक्षी हिरव्या पानांत सापडत नाही. घाबरला की उडून जाण्याऐवजी स्थिर बसणं हाच त्यांचा बचाव आहे. म्हणूनच इतके लोक त्यांच्या खालून निघून जातात.

पहिली पंधरा-वीस मिनिटं दुर्बीण मांडीवर ठेवा. फक्त ऐका. टप्... टप्... असं फळ पडण्याचा आवाज येऊ लागेल. वारा नसताना एकाच जागेतून फळं पडत असतील तर तिथे कुणीतरी खातंय. पाठोपाठ पंखांची जड फडफड ऐकू येते. फांदी बदलताना हे पक्षी आवाज न करता राहू शकत नाहीत. या दोन आवाजांनी दिलेली जागा मनात धरा.

गर्दीच्या पक्ष्यांनी विचलित होऊ नका. मेटॅलिक स्टारलिंगचे थवे कल्ला करत येतील, फिगबर्ड भांडतील. साधारण ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत न्यू गिनीकडून आलेले पांढरे मोठे इम्पीरियल पिजन असतील. त्यांच्या गोंगाटाचा उलट फायदाच होतो. सगळे निर्धास्त खात असले की फ्रूट डव्हही हालचाल करतो.

## टप्पा ४: नजर फिरवण्याची पद्धत

इकडेतिकडे दुर्बीण फिरवत राहिलात तर झाडाचा तोच तोच भाग पुन्हा पाहिला जातो. म्हणून झाडाचे मनातल्या मनात भाग पाडा आणि प्रत्येक भाग आतून बाहेर असा पाहा: खोडाजवळून सुरुवात, मग जाड फांदी, मग डहाळ्या, शेवटी टोक.

रंग शोधू नका. सावलीत जांभळा काळा दिसतो आणि पिवळं पोट उन्हातल्या पानासारखं दिसतं. शोधायचा तो आकार. पानं टोकदार आणि हलती असतात. पक्षी गोल, भरीव आणि स्थिर असतो. डहाळी एका बाजूने वजनाने झुकली असेल तर तिचं टोक पाहा. खाताना हे पक्षी मान ताणतात, कधी उलटे लोंबकळतातसुद्धा. पोट भरलं की तिथेच किंवा शेजारच्या गर्द झाडाच्या आतल्या आडव्या फांदीवर जाऊन निवांत बसतात. फळलेल्या झाडावर काहीच दिसेना तर लगतच्या, फळ नसलेल्या झाडाच्या सावलीतल्या फांद्या बघा. ही सूचना लहान वाटते, पण कित्येक वॉम्पू तिथेच सापडतात.

तपासणी: तासाभरात एकही फळ पडलं नाही, इतर पक्षीही आले नाहीत, तर झाडाचा अंदाज चुकला आहे. दुसऱ्या झाडाकडे जा. इतर पक्षी खात आहेत आणि फ्रूट डव्ह तेवढा नाही, तर थांबा. साडेनऊ-दहापर्यंत थांबणं वाया जात नाही.

## टप्पा ५: ओळख, पोटापासून वर

पुस्तकातली चित्रं बाजूने काढलेली असतात आणि ओळख डोक्यापासून सांगितलेली असते. जंगलात तुम्हाला पक्षी खालून दिसतो, त्यामुळे तेच कोष्टक उलटं करावं लागतं. पोट आधी, मग छाती, मग शेपटीचं टोक आणि जमलं तर डोकं.

पहिला प्रश्न आकाराचा. लांब शेपटीचा, साधारण ४० सेंटिमीटरचा पक्षी असेल तर तो वॉम्पू. सुपर्ब आणि रोज-क्राउन्ड दोन्ही २२ ते २४ सेंटिमीटरचे, गुबगुबीत आणि आखूड शेपटीचे. गोंधळ या दोघांत होतो, वॉम्पूशी सहसा होत नाही.

वॉम्पू: पोट गडद पिवळं, घसा व छाती जांभळी, डोकं फिकट राखाडी, पाठ हिरवी आणि पंखावर पिवळसर पट्टा. नर-मादी सारखे दिसतात. सावलीत छाती काळी दिसली तरी जांभळ्या-पिवळ्याची सीमारेषा स्पष्ट असते, ती शोधा.

रोज-क्राउन्ड: पोट नारिंगी, छाती राखाडी-हिरवट, शेपटीचं टोक पिवळं. गुलाबी टोपी आणि तिची पिवळी किनार दिसली तर प्रश्नच मिटला, पण खालून ती दिसत नाही. म्हणून पोट आणि शेपटीचं टोक यांवर भिस्त ठेवा. मादी थोडी फिकी, बाकी तशीच.

सुपर्ब: पोट पांढरट, कडेला हिरवे डाग. नराच्या छातीखाली गडद निळा-काळा आडवा पट्टा असतो. डोक्यावर जांभळी टोपी आणि मानेवर नारिंगी पट्टा. हे एकदा दिसलं की दुसऱ्या कशाशी घोळ होणं शक्य नाही. मादी मात्र बहुतांशी हिरवी, छाती राखाडी, डोक्याच्या मागच्या बाजूला छोटा गडद निळा ठिपका आणि छातीवर पट्टा नाही.

खरी परीक्षा पिल्लांची. दोन्ही लहान जातींची नुकती मोठी झालेली पिल्लं जवळपास पूर्ण हिरवी असतात. टोपी नाही, पट्टा नाही. तिथे एकच खूण कामाची: पोट पिवळ्याकडे झुकतंय की पांढऱ्याकडे. पिवळ्याकडे असेल तर रोज-क्राउन्ड, पांढऱ्याकडे असेल तर सुपर्ब. प्रकाश पानांतून गाळून येत असेल तर पांढरंही हिरवट-पिवळं दिसतं. अशा वेळी पक्षी हलून उघड्यावर येईपर्यंत निर्णय घेऊ नका.

हमखास होणाऱ्या गफलती:

- नर फिगबर्ड. उत्तरेकडच्या फिगबर्डची पाठ हिरवी आणि छाती-पोट पिवळं असतं. घाईत पाहिला की वॉम्पू लिहिला जातो. डोळ्याभोवती लाल उघडी कातडी, जाड चोच आणि आजूबाजूला बडबडणारे साथीदार दिसले तर तो फिगबर्ड.
- एमराल्ड डव्ह. पंख हिरवे म्हणून फसगत होते. हा जमिनीवर चालून दाणे आणि पडलेली फळं वेचतो, आणि त्याचं अंग तपकिरी असतं. जमिनीवर निवांत चालणारा हिरवा डव्ह फ्रूट डव्ह असण्याची शक्यता फार कमी.
- ब्राउन कुकू-डव्ह. उडताना लांब शेपटी दिसते आणि वॉम्पू वाटतो. अंग सगळं तपकिरी असेल तर हा.

परिसरही मदत करतो. मोठ्या सलग वर्षावनात वॉम्पूची शक्यता जास्त. खारफुटीची कड, किनाऱ्याजवळची वेलींनी भरलेली कोरडी झाडी इथे रोज-क्राउन्ड आधी मनात आणा.

## टप्पा ६: आवाजाचा उपयोग दिशेसाठी

वॉम्पूचा आवाज खोल, पोटातून आलेला, माणसाने घुमवल्यासारखा ‘वॉम्-पू’. कधी गुडगुडल्यासारखा ‘वॉलक-अ-वू’. रोज-क्राउन्ड सावकाश ‘हू... हू...’ने सुरू करतो आणि लय वाढवत ‘हूहूहूहू’ अशी घसरण घेतो. सुपर्बची ‘वूप्, वूप्, वूप्’ अशी सारख्या अंतराची मोजकी मालिका. एमराल्ड डव्हचा ‘ऊम्, ऊम्’ न बदलता चालू राहतो. त्याला लय चढत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तर घोटाळा टळेल.

खोल स्वराची दिशा जंगलात फसवी असते. समोरून आला वाटणारा आवाज बाजूच्या दरीतून आलेला असतो. म्हणून एका जागी बसून किमान दोन-तीन वेळा ऐका, हात करून दिशा धरा, मग थोडं सरकून पुन्हा दिशा धरा. दोन दिशा जिथे छेदतात त्या भागात फळलेलं झाड आहे का ते पाहा. आवाजामागे धावू नका. आवाजाने झाड दाखवलं की त्या झाडाला पहिल्या टप्प्यापासूनची पद्धत लावा.

## टप्पा ७: फोटो

पहिला फोटो पुराव्याचा, सुंदर नसला तरी चालेल. मागे आकाश असल्यामुळे कॅमेरा पक्षी काळा करतो. एक्स्पोजर +१ ते +१⅔ पर्यंत वाढवा आणि आकाश पांढरं फटक पडू द्या. पक्षी स्थिर बसतो, त्यामुळे शटर १/२५० असलं तरी पुरतं. आयएसओ त्या प्रमाणात खाली आणता येतो. ऑटोफोकस पुढच्या पानावर जाऊन बसतो, म्हणून एकच फोकसबिंदू निवडा. पोट आणि शेपटीचं टोक आलेला एक फोटो मिळवा, मग चेहऱ्यामागे लागा. फ्लॅश नको.

> सावधान: घरटं. यांचं घरटं म्हणजे चार काटक्यांचा विरळ थर, खालून अंड दिसावं इतका. त्यात एकच पांढरं अंड असतं. पक्षी आडव्या फांदीवर न हलता बसलेला असेल, खायला जात नसेल आणि त्याच्याखाली काटक्या दिसत असतील तर तिथून मुकाट्याने निघा. दोघं पालक आळीपाळीने अंडं उबवतात. त्यांना उठवलं की ते एकुलतं अंडं उघडं पडतं आणि ते खाणारे पक्षी तेवढीच संधी पाहत असतात. त्या जागेचा पत्ता कुणालाही देऊ नका.

## टप्पा ८: नोंद, त्याच जागी

खोलीवर परतल्यावर आठवून लिहिलेल्या याद्यांत संख्या फुगतात. झाडाखालून उठण्याआधी लिहा.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवत असाल तर एकाच जागी बसून पाहिलेल्याची ‘स्टेशनरी’ यादी करा. ३० मीटरहून जास्त हिंडला असाल तरच ‘ट्रॅव्हलिंग’. संख्या लिहिताना सर्वांत जास्त चूक अशी होते: सातला दोन दिसले, साडेसातला दोन, आठला तीन, मग बेरीज सात. एकाच फळझाडावर तेच पक्षी ये-जा करत असतात. एका वेळी एकत्र दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहा, म्हणजे इथे तीन. फक्त ऐकलेला पक्षीही मोजा, पण टिप्पणीत ‘फक्त आवाज’ असं स्पष्ट लिहा. पोटाचा रंग दिसला नाही आणि दोन लहान जातींत ठरत नसेल तर जात लिहू नका. ‘पिजन/डव्ह, जात अनिश्चित’ हा पर्याय त्यासाठीच आहे. आणि ज्या झाडावर पक्षी खात होता त्याचं नाव, नाव माहीत नसेल तर फळाचा रंग आणि माप, टिप्पणीत जरूर टाका. कोणता पक्षी कुठलं बी वाहून नेतो हे अशाच नोंदींतून उलगडतं, आणि आपल्या यादीतली ही ओळ बाकी कुठल्याही आकड्याइतकीच मोलाची असते.

## डार्विन आणि काकाडूसाठी वेगळ्या सूचना

डार्विन शहरात रोज-क्राउन्ड वर्षभर मिळतो. किनाऱ्याजवळच्या वेलींच्या झाडीत आणि बोटॅनिक गार्डनसारख्या जागी. पद्धत तीच, फक्त झाडं बुटकी असल्यामुळे मान सुखावते.

चौथी जात, ब्लॅक-बँडेड फ्रूट डव्ह, पश्चिम आर्नहेम लँडच्या वालुकाश्म कड्यांपलीकडे कुठेही नाही. ती शोधायला बहुतेक जण काकाडूतल्या बुरुंगकुय, म्हणजेच नौरलँजी, इथे जातात. इथे हिरवा पक्षी शोधू नका. डोकं, मान आणि छाती पांढरी, त्याखाली काळा पट्टा, पोट राखाडी आणि पाठ काळपट असा हा पक्षी आहे. कड्याच्या भेगांत वाढलेल्या खडकावरच्या अंजिरांवर नजर ठेवा, तेही ऊन खडकावर चढण्याआधी. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम सोयीचा, कारण पावसाळ्यात रस्ते बंद होतात. उद्यानाचा प्रवेश पास आधीच काढून ठेवा आणि माणशी भरपूर पाणी बरोबर घ्या. खडक तापला की पक्षी सावलीच्या भेगांत शिरतात आणि मग संध्याकाळपर्यंत त्या अंजिरांवर सहसा काही हलत नाही.